आधी आग की आधी गॅस?

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ठाकुरवाडी विचारत गेलात, तर लोक उलट विचारतील, कुठली? ठाकर समाजाची वस्ती जिथे जिथे डोंगराच्या कडेला धरून बसली, तिथे तिथे हे नाव लागलं. बोरघाट चढताना पळसदरीच्या पुढे रेल्वेचंही एक ठाकुरवाडी लागतं. त्यामुळे खाली जे येतं ते अमुक एका वाडीचं नाही.

या वाड्यांतल्या कितीतरी बाया आता दोन स्वयंपाकघरांत वावरतात. एक घरचं. तिथे खाली चूल, आणि फळीवर किंवा ओट्यावर उज्ज्वला योजनेत आलेली दोन बर्नरची शेगडी. दुसरं, त्या कामाला जातात त्या फार्महाऊसचं. तिथे काचेची, चार बर्नरची, कळ दाबून फिरवली की आपली आपण ठिणगी टाकणारी. दोन्ही अधूनमधून पेटेनाशा होतात, पण कारणं अगदी निराळी. घरची बिघडते ती पडून राहिल्यामुळे, फार्महाऊसची बिघडते ती फार धुतल्यामुळे. शेगडी दुरुस्त करणाऱ्याने आधी स्वयंपाकघर बघावं आणि मग शेगडी उघडावी, असं माझं मत आहे.

आत्या फार्महाऊसवर स्वयंपाक करते. भाचा आयटीआयला इलेक्ट्रिशियनचं शिकला आणि आता शेगड्या, मिक्सर, पंखे दुरुस्त करत मोटरसायकलवर हिंडतो. दोघांचा वाद मी रचलेला आहे. बिघाड मात्र त्या पट्ट्यातल्या कुठल्याही घरात सापडतील असे.

आत्या : आलास? बघ ते तुझं यंत्र. सकाळपासून नुसतं टकटक करतंय. मालकीणबाई म्हणतात, नवीन मागवू. मी म्हटलं, काडी लावली की पेटतंय, मग नवीन कशाला?

भाचा : टकटक करतंय ना? मग निम्मी शेगडी तर चांगलीच आहे. आवाजच नसता तर प्लग बघ, वायर बघ, कळीखालचं बटण बघ, असं करत बसावं लागलं असतं.

आत्या : पण कळ एक फिरवली तर चारही बर्नर टकटकतात. हे कसलं शहाणपण?

भाचा : ते तसंच असतं गं. आत एकच डबी. तिच्यातून चार वायरी चार पिनांना जातात. कुठलीही कळ दाबली की चारही पिनांवर ठिणगी. गॅस मात्र फिरवलेल्या कळीचाच येतो. त्यात बिघाड काही नाही. तू मला एवढंच सांग, ठिणगी दिसते का?

आत्या : एवढ्या उजेडात काय दिसणार!

भाचा : म्हणून अंधार करायचा. आधी रेग्युलेटर बंद कर. खिडकीचा पडदा ओढ, दिवा मालव. आता दाब कळ. ही बघ, पिनेच्या टोकावरून बर्नरवर उडी मारते ती. निळी, कडक. अशी असली की पिन आणि डबी दोन्ही ठीक. हीच ठिणगी पिवळट, मरतुकडी असती आणि टोकाऐवजी खाली मुळाशी चमकली असती, तर पिनेभोवतीच्या पांढऱ्या चिनीमातीला तडा गेलाय असं समजायचं. ठिणगीला जवळची वाट मिळाली की ती लांबची कशाला जाईल?

आत्या : ठिणगी आहे, गॅस आहे, मग पेटत का नाही?

भाचा : दिवा लाव, दाखवतो. ही बर्नरची टोपी बघ. हलते. खाचेत बसलेलीच नाही. ही टोपी त्या बर्नरची आणि त्याची इथे. ठिणगी पडते एकीकडे, गॅस निघतो दुसरीकडे. दोघांची गाठच पडत नाही. आणि हे बघ, खाली पाणी. काल धुतलेस ना?

आत्या : मालकीणबाईंना आरसा लागतो आरसा. शनिवारी पाहुणे यायचे म्हणून शुक्रवारी सगळं उतरवून साबणाच्या पाण्यात टाकायचं. माझ्या मनाने नाही धुतलं मी.

भाचा : धू, पण उपडं घालून पुरतं वाळव. घाई असेल तर कोरड्या फडक्याने पूस, उन्हात ठेव. आणि टोप्यांची अदलाबदल नको. दोन मोठ्या, एक मधली, एक लहान. दोन्ही मोठ्या वरून सारख्या दिसतात, पण आपापल्या जागीच नीट बसतात.

आत्या : म्हणजे बिघाड काय, तर टोपी वाकडी. आणि यासाठी मालकीणबाई नवीन शेगडी घेणार होत्या.

इथपर्यंत दोघांचं जमलं. शेगडी न पेटण्याच्या तक्रारींत सुटा भाग खरोखर बदलावा लागतो अशा फार थोड्या. बहुतेक वेळा पाणी, चिकटलेलं दूध, सरकलेली टोपी किंवा उतरलेला सेल. पण आत्या तेवढ्यावर गप्प बसणारी नव्हती.

आत्या : मला एक सांग. हे यंत्र आलंच कशाला? आमची रीत काय होती? काडी ओढायची, बर्नरपाशी न्यायची, मग कळ फिरवायची. आग आधी, गॅस मागून. गॅस आला तो पेटलाच. जमायला सवडच नाही त्याला. तुझ्या यंत्राने उलटं करून ठेवलं. आधी गॅस सोडा आणि मग टकटक ऐकत उभे राहा. मालकीणबाई कळ तशीच उघडी धरून उभ्या असतात. पेटेल, आत्ता पेटेल. आणि सगळीकडे वास.

भाचा : उलटं नाही गं. ठिणगी आणि गॅस एकदमच येतात.

आत्या : ठिणगी आली तर एकदम. नाही आली तर? नुसता गॅस.

भाचा : हं. ते मात्र खरं.

आत्या : काडी विझली तर विझलेली दिसते. हात थांबतो. टकटक बिघडली तरी टकटकच असते. माणूस आवाजाच्या भरवशावर राहतो.

भाचा : म्हणूनच मी सगळ्यांना सांगतो, मनात पाचपर्यंत मोजा. नाही पेटलं तर कळ बंद. दारं-खिडक्या उघडा, वास जाऊ दे, मग पुन्हा बघा. तीनदा झालं नाही तर रेग्युलेटर बंद करून मला फोन करा. आणि खोलीभर वास असेल तर काडीही नको, दिव्याचं बटणही नको. चालू असेल ते चालू, बंद असेल ते बंद. सिलिंडरच गळत असेल तर १९०६ नंबर आहे, चोवीस तास. तो फोनही घराबाहेर जाऊन लावायचा.

आत्या : मोजत कोण बसतंय?

भाच्याच्या या पाचच्या आकड्यामागे शास्त्र आहे. सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन यांचं मिश्रण. त्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. सडक्या कोबीसारखा जो वास येतो तो मुद्दाम घातलेल्या इथाइल मरकॅप्टनचा, गळती नाकाला कळावी म्हणून. हा गॅस हवेपेक्षा जड. सुटला की वर न जाता ओट्यावरून खाली उतरतो आणि जमिनीलगत पसरतो. हवेत शंभर भागांत साधारण दोन भाग झाला की पेट घ्यायला पुरेसा होतो. फार्महाऊसच्या उंच, हवेशीर स्वयंपाकघरात हा प्रकार निभावून जाईलही. वाडीतल्या घरात काय होईल, ते भाच्याला आत्यापेक्षा जास्त खुपतं.

भाचा : तुझी ती रीत फार्महाऊसवर ठीक. घरी तू काय करतेस? फळीवर शेगडी, फळीखाली सिलिंडर आणि चार हातांवर चूल. तीही पेटलेली. शेगडी पेटेना म्हणून कळ उघडी राहिली तर गॅस कुठे जाईल? खाली. खाली कोण बसलंय? चूल. तिथे आग आधीपासून तयारच आहे. तुझंच म्हणणं, आग आधी आणि गॅस मागून!

आत्या : कुडाची भिंत आहे आपली. वारा आरपार जातो.

भाचा : उन्हाळ्यात जातो. पावसाळ्यात तूच भिंतीला ताडपत्री लावतेस.

आत्या : मग चूल विझवू का? भाकरी त्या शेगडीवर होते का नाचणीची? आणि पाणी तापवायला गॅस जाळायचा? भरलेला सिलिंडर वर चढवून कोण आणतं, ते ठाऊक आहे ना? रस्ता संपतो तिथे गाडी थांबते. पुढे खांद्यावर.

भाचा : चूल विझव म्हणतच नाही मी. शेगडी पेटवताना चूल पेटलेली नको, किंवा शेगडी दुसऱ्या बाजूला ने. एवढंच.

उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशात बलिया इथे सुरू झाली. तिच्यातली आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी आपल्याकडे, तेव्हाच्या औरंगाबादेत दिली गेली. पुढे २०२१च्या दुसऱ्या टप्प्यात पहिला भरलेला सिलिंडर आणि शेगडीही फुकट मिळू लागली. जोडणी बाईच्या नावावर, हे फार चांगलं झालं. पण १४.२ किलोचा सिलिंडर संपल्यावर पुढचा घेणं हे पैशाचं आणि पायवाटेचं काम आहे. म्हणून वाडीत शेगडी असते चहासाठी, पाहुण्यांसाठी, पावसात लाकडं ओली असली तर. एरवी ती झाकून ठेवलेली. आणि झाकून ठेवलेल्या शेगडीला स्वतःचे आजार होतात. भाच्याने आत्याच्या घरची शेगडी उलटी केली तेव्हा ते एकेक करून बाहेर पडले.

भाचा : ही बघ नळी. बर्नरखालची, जिच्यातून गॅस आणि हवा मिसळून वर जातात ती. आत कोळ्याने जाळं केलंय. वर चुलीची काजळी बसली त्याच्यावर. गॅस येतो पण अडखळत. म्हणून भप्पकन पेटतो, पिवळा जळतो आणि तुझी पातेली काळी करतो.

आत्या : कोळी तरी कुठे जाईल बिचारा. आठ-आठ दिवस पेटवत नाही मी.

भाचा : आणि बर्नर कशाने घासलेस?

आत्या : चिंच आणि राख. पितळ कशाने उजळतं मग?

भाचा : चिंचेने उजळ. राख नको. राखेचे कण या भोकांत जाऊन बसलेत. निम्म्या भोकांतून ज्वाळाच येत नाही. लायटर जिथे धरतेस, नेमकी तिथलीच भोकं बंद. मग तू म्हणतेस लायटर बिघडला.

आत्या : सुईने काढते मी ती राख.

भाचा : वरच्या भोकांत सुई घाल, चालेल. पण आतल्या जेटमध्ये घालू नकोस. जेट पितळेचा, मऊ. सुईने भोक मोठं झालं की गॅस जास्त आणि हवा कमी. मग ज्वाळा कायमची पिवळी. तारेचा एक बारीक केस फिरवायचा, नाहीतर नुसती फुंकर.

आत्या : चुलीला फुंकर, शेगडीलाही फुंकर. मग फरक काय राहिला? तीन दगडांत कोळी जाळं करत नाही. राख साचली तर हाताने ओढून काढता येते. ओली लाकडं असली तर धूर होतो, पण पेटते. कधी मिस्त्री बोलवावा लागला का चुलीला?

भाचा : तुझ्या डोळ्यांना विचार. आजीचे डोळे कशाने गेले?

आत्या : ते मध्ये आणू नकोस.

भाच्याने विषय बदलला आणि लायटर हातात घेतला. मलाही या स्वयंपाकघरातली सगळ्यात नवलाची वस्तू हीच वाटते. सेल नाही, वीज नाही, काडी नाही. दाबलं की आतला छोटा हातोडा एका स्फटिकासारख्या तुकड्यावर आपटतो, त्या दाबाने हजारो व्होल्टचा विजेचा दाब तयार होतो आणि टोकाला ठिणगी उडते. काही स्फटिकांवर दाब दिला तर वीज निर्माण होते, हे झाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० साली दाखवलं. त्यांच्या शोधाचं एक टोक ठाकुरवाडीतल्या खिळ्याला टांगलेलं आहे.

आत्या : जूनपासून हा नुसता खटखट वाजतो. ठिणगी नाही.

भाचा : कारण तू ओल्या हाताने धरून तो चुलीवरच्या भिंतीला टांगतेस. टोकात ओल आणि काजळी साचली की ठिणगी पुढे येतच नाही, आतल्या आत जिरते. कोरड्या कापडाने टोक पूस, उन्हात ठेव. ऊन नसेल तर डब्यात ठेव, झाकण लावून. पाण्यात बुडवू नकोस. तरीही नाही झालं तर स्प्रिंग गेली असं समज. नवीन आण, स्वस्त असतो.

आत्या : आणि काडेपेटी? तीही सादळते.

भाचा : मग काडीला इतकी ओवाळत का होतीस?

आत्या : काडी सादळली तर पेटत नाही, बस. वास सोडत नाही, टकटक करत नाही.

जुलैत कर्जतला पाऊस लागला की स्वयंपाकघरातल्या मिठालासुद्धा पाणी सुटतं. ठिणगीवर चालणाऱ्या शेगडीचा हा सगळ्यात वाईट काळ. कळीखालच्या बटणात ओल शिरली की ते सुटतच नाही. कळ बंद केली तरी टकटक चालू, रात्रभर चालू. लोक घाबरतात. अशा वेळी भिंतीवरचा प्लग काढायचा, सेलवाली शेगडी असेल तर सेल काढायचा, आणि बटण वाळेपर्यंत काडीने किंवा लायटरने पेटवायचं. कळीत तेल किंवा काही फवारा मारण्याचा मोह टाळायचा, तिथून गॅसही जातो. आत्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दाही याच दिवसांतला.

आत्या : आणि लाईट गेली की? मागच्या पावसात तारेवर झाड पडलं, दोन दिवस अंधार. फार्महाऊसवर पंधरा पाहुणे. तुझी चार बर्नरची महाराणी मुकी झाली. मीच काडेपेटी काढली.

भाचा : सेलवाली घेतली असती तर लाईट गेली तरी चालली असती. दीड व्होल्टचा एक सेल पुरतो.

आत्या : सेल संपल्याचं कधी कळतं? पाहुणे आल्यावर.

भाचा : आधी कळतं. टकटक मंदावते. टक-टक-टक अशी झरझर न येता टक... टक... अशी आली की बदलायचा. आणि आठवडा-आठवडा बंद ठेवणार असाल तर काढून ठेवायचा. नाहीतर फुटून गळतो, पत्र्यांना गंज चढतो, आणि नवा सेल घातला तरी वीज पुढे जात नाही.

आत्या : गंमत आहे. खोपोलीला केव्हापासून वीज करतात, आणि आम्ही शेगडीच्या टकटकीसाठी सेल विकत आणायचा.

गंमत खरीच. टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ साली सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ साली. घाटमाथ्यावरचं पाणी या दोन तालुक्यांत खाली पडायचं आणि त्याच्या जोरावर मुंबईच्या गिरण्या चालायच्या. पाणी जिथे पडायचं, तिथल्या वाड्यांवर दिवा लागायला पुढे कितीतरी पावसाळे गेले. आत्याचा यंत्रावरचा राग काही अंशी इथून येत असावा, असं मला वाटतं. जी वस्तू वरून, बाहेरून, दुसऱ्याच्या सोयीने येते, तिच्यावर सगळा भार टाकायचा नाही, हे तिचं साधं धोरण आहे. भाचा मात्र त्या वस्तूच्या आत हात घालून आलाय. त्याला ती परकी वाटत नाही.

भाचा : बरं, काडी थोर. आता मला एक सांग. दूध उतू गेलं आणि ज्वाळा विझली, तर तुझी काडी गॅस बंद करेल का?

आत्या : मी करेन.

भाचा : फार्महाऊसची शेगडी स्वतः करते. तिथे ठिणगीच्या पिनेशेजारी एक दुसरी पिन आहे, वायर नसल्यासारखी दिसते ती. हिचं टोक ज्वाळेत तापतं, तापलं की जरा, अगदी नावापुरती वीज तयार होते, आणि तेवढ्या विजेवर आतला वॉल्व उघडा धरला जातो. ज्वाळा विझली, टोक निवलं, वॉल्व मिटला. गॅस बंद. भिंतीतली लाईट नसली तरी हे चालतं.

आत्या : म्हणून ती कळ सोडली की विझते होय? पेटते, हात काढला की गप्प. मागच्या महिन्यात असंच करत होती. मी किती शिव्या घातल्या.

भाचा : टोक तापेपर्यंत कळ दाबून धरायची असते. पाच-सात सेकंद. तुला लायटरची सवय लागलेली, लगेच हात काढतेस. आणि एवढं धरूनही विझत असेल तर टोकावर काजळी धरलीय किंवा ते ज्वाळेपासून सरकलंय. बारीक पॉलिश पेपरने हलकं पुसायचं. बहुतेकदा तेवढ्याने होतं.

आत्या : एका हाताने काडी, एका हाताने कळ दाबून धरायची, मग पातेलं कोणी ठेवायचं?

भाचा : आधी पेटव, मग ठेव. तशीही रिकाम्या बर्नरवरच ज्वाळा नीट दिसते.

आत्या : उतू जाताना मी तिथेच असते. मला नको तुझी दुसरी पिन.

भाचा : तू असतेस. शनिवारी रात्री बारा वाजता मॅगी करायला उठणारे पाहुणे नसतात. कळ उघडी टाकून जातात झोपायला.

आत्या : त्यांच्यासाठी असू दे. तिथली पिन नीट कर, टोप्यांवर खुणा करून दे म्हणजे धुतल्यावर अदलाबदल होणार नाही. मालकीणबाईंना सांग, नवीन नको. माझ्या घरी लायटर आणि काडी, दोन्ही डब्यात ठेवीन.

भाचा : आणि चूल?

आत्या : शेगडी त्या कोपऱ्यात ने दाराजवळ. चूल हलणार नाही.

भाचा : रबरी नळी दाराजवळ पोचेल का? दीड मीटरपेक्षा लांब लावायची नाही. दाखव तरी. ही कधीची आहे? वरची तारीख वाच, या नारिंगी नळ्या पाच वर्षांनी बदलायच्या असतात. आणि हे काय, दात आहेत का इथे?

आत्या : उंदराचे असतील.

भाचा : आत्या, रेग्युलेटर काढ. आत्ताच काढ. टकटक, काडी, सगळं नंतर बोलू.

आत्या : चहा तरी होऊ दे.

भाचा : चुलीवर कर. सिलिंडर आधी बाहेर नेतो, मगच पेटव. मी कर्जतला जाऊन नळी घेऊन येतो, शिक्का बघून.

आत्या : बघ, शेवटी चहा चुलीवरच! येताना काडेपेटी पण आण, संपलीय.